जबाब कोणाला द्यायचा? डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा पहिला कालखंड आणि विद्यार्थ्याची मोकळीक

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना २४ ऑक्टोबर १८८४ रोजी पुण्यात झाली आणि तिचे कीर्ती महाविद्यालय १९५४ मध्ये दादरला सुरू झाले. या दोन घटनांमध्ये सत्तर वर्षांचे अंतर असले, तरी वरळीच्या बीडीडी चाळींतून दादरकडे शिकायला जाणाऱ्या पिढ्यांना पुण्याच्या शनिवार पेठेतला तो जुना इतिहास परका मानण्याचे कारण नाही. कारण ज्या संस्थेच्या वर्गांत त्या बसल्या, त्या संस्थेचे मूळच महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या चार-पाच तरुणांनी घेतलेल्या एका निर्णयात आहे. विद्यार्थ्याला किती मोकळीक असावी आणि त्या मोकळिकीच्या बदल्यात त्याने काय पत्करावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत या संस्थेच्या भोवती जितका तापला तितका मुंबई इलाख्यातील दुसऱ्या कोणत्याही खासगी संस्थेभोवती क्वचितच तापला असेल. चाळींच्या या स्मरणिकेत संस्थेच्या त्या पहिल्या कालखंडाचा इतिहास त्याच प्रश्नाच्या अंगाने मांडला आहे.

'जबाबदारी' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याच्या पोटात 'जबाब' म्हणजे उत्तर आहे. जबाबदार माणूस म्हणजे ज्याला उत्तर द्यावे लागते तो. साहजिकच, उत्तर कोणाला द्यायचे, हा प्रश्न त्या शब्दाला जन्मापासून चिकटलेला आहे. १८८०च्या दशकातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यापुढे उत्तर मागणारे एकाच वेळी अनेक होते. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्यासाठी 'टर्म भरणे' आवश्यक असे, म्हणजे सत्रातील ठरावीक दिवस वर्गात हजर राहून तसा दाखला प्राचार्यांकडून मिळवावा लागे, आणि हा दाखला हेच प्राचार्यांच्या हातातील सर्वांत मोठे शस्त्र होते. शिष्यवृत्ती देणारे सरकार किंवा संस्थानिक दुसरा जबाब मागत. गावाकडची जात आणि भाऊबंद तिसरा मागत, आणि तो बहुधा सर्वांत कडक असे. चौथा जबाब सहाध्यायांना द्यायचा, तो खोलीतल्या भाड्याचा आणि जेवणाच्या क्लबातल्या वर्गणीचा. शिक्षणाच्या इतिहासात पहिल्या दोहोंची नोंद सापडते; उरलेल्या दोहोंची आठवण मुख्यतः आत्मचरित्रांत विखुरलेली आहे.

या घडामोडींना एक मुंबईची पूर्वपीठिका आहे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण अध्यापकांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पुढाकाराने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा 'ज्ञानप्रसारक' या नावाने ओळखल्या जात आणि मराठी शाखेचे नेतृत्व दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे होते. निबंध वाचणे आणि त्यावर वाद घालणे एवढ्यावर ही मंडळी थांबली असती, तर ती इतर अनेक वादसभांसारखी विस्मरणात गेली असती. परंतु १८४९ मध्ये दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींसाठी शाळा उघडल्या, आणि त्या शाळांत शिकवण्याचे काम आरंभी सभेच्याच सभासदांनी सकाळच्या वेळात, स्वतःचे वर्ग आणि कामे सांभाळून, विनावेतन केले. जगन्नाथ शंकरशेट यांच्या आश्रयाने गिरगावात मुलींची शाळा चालली आणि पुढे भाऊ दाजी लाड सभेच्या अध्यक्षपदी आले. पहिल्या तुकडीत पारशी मुली ४४ आणि हिंदू मुली २४ होत्या, हा आकडा लहान वाटतो. परंतु पालकांनी घराबाहेर पाठवलेल्या त्या ६८ मुलींच्या संदर्भात सभेच्या तरुणांना गिरगाव आणि कोटातल्या घराघरांत जाऊन जो जबाब द्यावा लागला असेल, तो कोणत्याही परीक्षकाला दिलेल्या जबाबापेक्षा सोपा नव्हता.

त्याच एल्फिन्स्टनमध्ये मोकळिकीची सीमाही लवकरच दिसली. महादेव गोविंद रानडे यांनी एका परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मराठ्यांच्या राज्याची ब्रिटिश अमलाशी तुलना करताना सत्ताधाऱ्यांना न रुचणारे मत मांडले, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती काही काळ बंद झाली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. गंमत अशी, की रानड्यांच्या विद्वत्तेबद्दल ग्रँट यांना आदरच होता आणि रानड्यांनीही ग्रँट यांच्याविषयी कटुता बाळगली नाही. मुक्त विचार करायला शिकवायचे आणि विचार मुक्त झाला की शिष्यवृत्ती रोखायची, ही विसंगती कोणा एका माणसाच्या स्वभावातली नव्हती, सरकारी महाविद्यालय नावाच्या रचनेतलीच होती. आणि ती ओळखल्यावरच खासगी महाविद्यालयाची कल्पना अर्थपूर्ण झाली.

सोसायटीच्या संस्थापकांपैकी बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी होते. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा हे या कॉलेजचे मूळ. १८६४ मध्ये त्याला हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते मुळा-मुठेच्या काठी, येरवड्याच्या बाजूला, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दगडी इमारतीत गेले. शहरापासून दूर असल्यामुळे बहुतेक विद्यार्थी तेथेच राहत, आणि वसतिगृह ही त्या काळच्या ब्राह्मण मध्यमवर्गीय मुलाच्या आयुष्यातील अगदी नवी गोष्ट होती. त्याआधीचा गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून, शिकत असे. त्याच्यावर सात घरांच्या गृहिणींची नजर असे आणि सात घरांचे उपकार असत. वसतिगृहात आल्यावर ती नजर गेली. तिच्या जागी आला तो 'क्लब': एका जातीच्या, क्वचित एका प्रांताच्या, दहा-वीस मुलांनी आचारी ठेवून चालवलेली सामाईक खानावळ. मुलांपैकीच एकाने बाजारहाट करायचा, वाण्याची वही सांभाळायची, महिनाअखेरीस खर्च माणशी वाटून द्यायचा आणि थकबाकीदाराला चारचौघांत तोंडघशी न पाडता पैसे वसूल करायचे, अशी ती व्यवस्था होती. स्वराज्याचे पाठ पुस्तकातून घेणाऱ्या कित्येकांनी कारभार म्हणजे काय याचा पहिला अनुभव या क्लबाच्या वहीत घेतला. मात्र त्या वहीच्या पहिल्याच पानावर जात लिहिलेली असे, हे विसरून त्या व्यवस्थेचे कौतुक करता येत नाही.

टिळकांनी १८७३ मध्ये प्रवेश घेतल्यावर पहिले वर्ष तालीम, पोहणे आणि नौकानयन यांत घालवले, प्रकृती सुधारली आणि परीक्षेतील अपयशाची किंमत विनातक्रार मोजली, असे त्यांची चरित्रे सांगतात. पुढच्या आयुष्यातील सगळे टिळक त्या एका वर्षात पाहण्याचा मोह चरित्रकारांना झाला आहे आणि तो थोडा आवरायला हवा. पण वर्ष कसे खर्च करायचे हे विद्यार्थी स्वतः ठरवू शकतो आणि त्याचा जबाब तो निकालाच्या दिवशी स्वतःच देतो, एवढी मोकळीक त्या कॉलेजात होती हे त्यातून नक्की दिसते. आगरकरांकडे असे खर्चायला वर्ष नव्हते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातून निघालेला हा मुलगा नातेवाइकांच्या आधाराने अकोल्यास शिकला आणि कॉलेजात शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि किरकोळ लेखन यांवर तगला. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे आईला कळवणारे त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. १८७९ मध्ये कॉलेजमागच्या टेकड्यांवर या दोघांनी ज्या चर्चा केल्या, त्यांतून सरकारी नोकरी न पत्करता लोकांच्या शिक्षणाला आयुष्य द्यायचे, असे ठरले. एकाची मोकळीक सुस्थितीतून आलेली आणि दुसऱ्याची ओढगस्तीतून कमावलेली. निर्णय मात्र दोघांनी एकच घेतला.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून याच विचारावर आले होते. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. माधवराव नामजोशी आणि संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे लवकरच सामील झाले. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही वृत्तपत्रे निघाली. कोल्हापूरच्या कारभाऱ्यावरील मजकुराबद्दल १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. शाळेच्या दृष्टीने ही विचित्र घटना होती, कारण शिक्षक तुरुंगात गेल्यावर संस्थेची अब्रू जायला हवी होती आणि झाले उलटे. पालकांनी मुले काढून घेतली नाहीत आणि सुटकेच्या दिवशी तुरुंगाबाहेर स्वागताला गर्दी लोटली. जबाब सरकारला द्यायचा की लोकांना, या प्रश्नाचे संस्थेचे पहिले उत्तर त्या वर्षी मिळाले.

याच मंडळींनी स्थापन केलेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजचे उद्घाटन २ जानेवारी १८८५ रोजी गद्रे वाड्यात झाले. कॉलेजला तत्कालीन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव दिलेले होते आणि समारंभाला एल्फिन्स्टनचे प्राचार्य विल्यम वर्ड्स्वर्थ उपस्थित होते. हे वर्ड्स्वर्थ त्याच नावाच्या इंग्रज कवीचे नातू, पूर्वी डेक्कन कॉलेजचे प्राचार्य आणि भारतीयांच्या राजकीय आकांक्षांविषयी सहानुभूती असलेले दुर्मीळ सरकारी अध्यापक होते. कॉलेजचे पहिले प्राचार्य आपटे झाले, १८९२ पासून आगरकर आणि त्यांच्या मृत्यूनंतर महादेव शिवराम गोळे. संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य तिच्या घटनेत होते. संस्थेचा कारभार 'आजीव सदस्य' म्हणवणाऱ्या अध्यापकांकडे असे. आजीव सदस्याने वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यायचे, अल्प आणि सर्वांना सारखे वेतन घ्यायचे आणि वैयक्तिक उत्पन्नामागे लागायचे नाही, अशी कल्पना होती. पुढे हे वेतन दरमहा ७५ रुपये राहिले. सरकारी कॉलेजातील युरोपीय प्राध्यापकाच्या पगाराशी या रकमेची तुलनाही होत नव्हती. ज्यांना विद्यार्थ्यांनी 'सर' म्हणायचे ते स्वतः पंचविशी-तिशीतले होते आणि वीस वर्षे बांधून घेऊन मोकळे झाले होते. मालक नसलेल्या संस्थेचे कारभारी होण्याची मोकळीक त्यांनी वचनाच्या बदल्यात मिळवली होती. या व्यवहाराकडे त्यागाची कहाणी म्हणून पाहण्याची रीत पडली आहे, पण तिला स्वायत्ततेचा सौदा म्हणणे अधिक अचूक ठरेल.

सौदा म्हटला की भांडण आलेच. बाहेरून मिळणारे उत्पन्न सामाईक खात्यात जमा करावे की ज्याचे त्याने ठेवावे, संस्थेच्या सेवकाने बाहेरची कामे किती घ्यावीत, यावरून मतभेद वाढत गेले. गोपाळ कृष्ण गोखले, जे १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. होऊन संस्थेत आले होते, त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले हे टिळकांना मूळ तत्त्वाला सोडून वाटले. सामाजिक सुधारणेचा वाद त्यात मिसळला. आगरकर 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढते झाले. १८९०च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. तो राजीनामा म्हणजे तत्त्वाचा विजय की हेकटपणाचा, यावर दोन्ही बाजूंच्या लेखकांनी भरपूर शाई खर्च केली आहे. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होता: आपल्याला तर्कशास्त्र आणि गणित शिकवणारी माणसे एकमेकांशी जाहीरपणे, नावानिशी आणि कारणांसह भांडतात, आणि तरी दुसऱ्या दिवशी तास होतो, हे त्यांनी पाहिले. वादसभेतील कोणत्याही व्याख्यानाहून हे शिक्षण मोठे असावे.

टिळकांच्या जागी गणित शिकवायला १८९१ मध्ये आले धोंडो केशव कर्वे. मुंबईत विल्सन आणि एल्फिन्स्टन या कॉलेजांत शिकताना त्यांनी शिकवण्या करून खर्च भागवला होता आणि कमाईतील रुपयामागे ठरावीक वाटा आपल्या मुरुड गावासाठी बाजूला टाकण्याचा नेम धरला होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडने त्यांना वाळीत टाकले. कॉलेजने मात्र त्यांना काढले नाही, विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासाला जाणे सोडले नाही. जातीला द्यायचा जबाब आणि संस्थेला द्यायचा जबाब वेगळे करता येतात, हे त्या काळच्या पुण्यात अनेकांना पहिल्यांदा कळले. आगरकरांना ते सोपे गेले नव्हते. जिवंतपणी स्वतःच्या प्रेतयात्रेचे सोंग घरावरून गेलेले त्यांनी पाहिले, आणि १७ जून १८९५ रोजी त्यांचे अवघ्या ३८व्या वर्षी निधन झाले. त्याच सुमारास कॉलेज पेठेतल्या वाड्यांतून चतुःशृंगीच्या रस्त्यावरील टेकडीच्या पायथ्याशी नव्या इमारतीत गेले आणि तेथे विद्यार्थ्यांना राहण्याच्या खोल्या हळूहळू उभ्या राहू लागल्या. या बांधकामांसाठी दारोदार वर्गणी गोळा करण्याचे काम मुख्यतः गोखल्यांनी केले.

सरकारच्या मनात विद्यार्थ्याविषयी काय चालले होते, ते १८८२च्या शिक्षण आयोगात उघड झाले होते. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने सुचवले, की नैसर्गिक धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले एक नीतिपाठ्यपुस्तक तयार करावे आणि प्रत्येक महाविद्यालयात प्राचार्यांनी किंवा एखाद्या प्राध्यापकाने दरवर्षी माणसाच्या आणि नागरिकाच्या कर्तव्यांवर व्याख्यानमाला द्यावी. 'नैसर्गिक धर्म' म्हणजे कोणत्याही एका पंथाचा आधार न घेता बुद्धीला पटणारी ईश्वर आणि नीती यांविषयीची तत्त्वे. आयोगाचे मुंबईकर सदस्य काशिनाथ त्र्यंबक तेलंग, स्वतः एल्फिन्स्टनचे विद्यार्थी आणि अध्यापक, यांनी आपल्या स्वतंत्र टिपणात या शिफारशींशी मतभेद नोंदवला. कर्तव्य व्याख्यानाने अंगी बाणते असे मानणाऱ्या आयोगाला विद्यार्थी वर्गाबाहेर काय करतो, हे पाहण्याची गरज वाटली नव्हती. पुढे विद्यार्थी सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मेळ्यांत गाऊ लागले, १८९७ मध्ये प्लेगची साथ आणि प्लेग अधिकारी रँड यांचा वध यांनंतर पुण्यावर संशयाची नजर रोखली गेली, आणि पाठ्यपुस्तकाऐवजी परिपत्रक हे सरकारचे साधन झाले. ६ मे १९०७चे रिस्ले परिपत्रक, ज्याने विद्यार्थ्यांच्या राजकीय सहभागाला बंदी घातली, ते याच वाटेचा पुढचा टप्पा होते.

त्या परिपत्रकाच्या दोन वर्षे आधीच फर्ग्युसनला स्वतःचे उत्तर द्यावे लागले. ऑक्टोबर १९०५ मध्ये वंगभंगाच्या निषेधार्थ पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि तिच्यात पुढाकार घेणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १० रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. परांजपे हे याच कॉलेजचे विद्यार्थी, केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ मध्ये पहिले आलेले 'सीनियर रँग्लर', आणि मोठ्या पगाराच्या वाटा सोडून ७५ रुपयांवर आजीव सदस्य झालेले. टिळकांनी 'केसरी'त 'हे आमचे गुरूच नव्हेत' या मथळ्याखाली त्यांच्यावर टीका केली. पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः ज्या संस्थेचा पाया घातला, तिच्या प्राचार्यावर संस्थापकाने हा मथळा छापावा, यात संस्थेच्या इतिहासातील सगळी गुंतागुंत एकवटली आहे. परांजप्यांची बाजू अशी होती, की सरकारी अनुदान आणि विद्यापीठाची संलग्नता यांवर शेकडो विद्यार्थ्यांचे शिक्षण अवलंबून आहे आणि त्यांचा जबाब प्राचार्यालाच द्यावा लागतो. ही बाजू खोटी नव्हती. परंतु १८८२ मध्ये शिक्षक तुरुंगात गेले तेव्हा याच संस्थेने अनुदानाचा आणि प्रतिष्ठेचा हिशेब केला नव्हता. १९०५ मध्ये विद्यार्थी होळी करतो तेव्हा तो केला. संस्था मोठी झाली की तिला गमावण्यासारखे पुष्कळ असते, एवढाच याचा अर्थ घ्यावा लागतो. सावरकर परीक्षेला बसले आणि बी.ए. झाले.

आतापर्यंत वर्णिलेली मोकळीक कोणाची होती, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षा खुल्या केल्या आणि कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. वर्गाचे दार तोंडावर लावून घेणारे सहाध्यायी त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहेत, आणि गुणांनी मिळणारी इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती त्या स्त्री असल्यामुळे त्यांना नाकारली गेली. वसतिगृहात राहून वादसभेत स्वातंत्र्यावर बोलणारा तरुण वर्गाचे दार बंद करताना कोणाला जबाब देत होता, हे तपासण्यासारखे आहे. विठ्ठल रामजी शिंदे १८९३ मध्ये जमखंडीहून फर्ग्युसनमध्ये आले ते गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनच्या मदतीवर. ब्राह्मणेतर विद्यार्थी तेथे तेव्हा मोजकेच होते. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली, ती याच अभावाचे उत्तर होते: ज्याला राहायला खोली नाही त्याला कॉलेजची मोकळीक काय कामाची. आणि शिंद्यांनी फर्ग्युसनमधून घेतलेले शिक्षण १९०६ मध्ये परळच्या गिरणगावात आणले. तेथे भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशनची, पहिली शाळा निघाली आणि नारायण गणेश चंदावरकर तिच्या अध्यक्षपदी होते.

गिरणगावातील खोलीचा इतिहासही प्लेगशी बांधलेला आहे. १८९६च्या साथीनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने कामगारवस्तीत चाळी बांधल्या. त्यांपैकी परळच्या बीआयटी चाळीत, दोन लहान खोल्यांत कुटुंबासह राहून भीमराव रामजी आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात जात होते आणि बडोद्याच्या महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती घेत होते. ज्या कॉलेजात रानड्यांची शिष्यवृत्ती मतासाठी थांबली, तेथे अर्धशतकानंतर आंबेडकरांना चहापाणी देण्यास उपाहारगृहवाल्याने नकार दिला, आणि त्या दोन घटना शेजारी ठेवल्याशिवाय एल्फिन्स्टनचा इतिहास पुरा होत नाही. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, स्थापन झाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या दोनशेहून अधिक चाळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मध्ये अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, चाळीत एकूण ८०, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावर सामाईक. भाडे परवडेना म्हणून सुरुवातीला कित्येक चाळी ओस पडल्या, आणि १९३०च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. राजकारणात पडू नये म्हणून ज्यांच्यासाठी परिपत्रके काढली गेली, त्या वयाचे अनेक तरुण अशा रीतीने वरळीच्या खोल्यांत भाडे न भरता राहून गेले.

चाळी भरल्यावर तेथील विद्यार्थ्याला मिळाले ते फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याच्या उलट्या क्रमाने. टिळकांना आधी मोकळे वर्ष मिळाले आणि जबाबदारी नंतर आली. वरळीच्या मुलाला घरखर्चातला वाटा आधी उचलावा लागला. दिवसा गिरणीत, कचेरीत किंवा दुकानात आणि रात्री शाळेत, ही त्याची टर्म. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात चालवलेल्या रात्रशाळा आणि फिरती ग्रंथालये हा त्याचा आधार होता. २० जून १९४६ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरीवर जाण्याआधी शिकता येई. तेथे विद्यार्थ्यांची 'पार्लमेंट' भरवली जात असे, जिच्यात विद्यार्थीच मंत्री आणि विरोधी पक्ष होऊन विधेयकांवर वाद घालत, आणि जानेवारी १९५० मध्ये हिंदू कोड बिलावर आंबेडकर त्याच सभेपुढे बोलले. कायदेमंत्र्याने विधेयकाविषयीचे आपले म्हणणे विद्यार्थ्यांपुढे मांडावे, हे १८८५च्या पुण्यात कोणाच्या कल्पनेतही आले नसते. त्यानंतर अवघ्या चारच वर्षांनी कीर्ती महाविद्यालय उघडले, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी गिरणगावाच्या उंबरठ्यावर आली.

१६० चौरस फुटांत सात-आठ माणसे असताना अभ्यास खोलीत होत नसे. तो पॅसेजमध्ये, जिन्याच्या वळणावर, गच्चीवर किंवा मैदानाकडेच्या दिव्याखाली होई. पॅसेजचा दिवा किती वाजेपर्यंत ठेवायचा, परीक्षेच्या महिन्यात रेडिओ किती मोठा लावायचा, गच्चीची किल्ली कोणाकडे राहील, हे मजल्यावरच्या माणसांनाच आपसांत ठरवावे लागे. डेक्कन कॉलेजच्या क्लबाच्या वहीसारखीच ही वही होती, फरक इतकाच की ती कोणी लिहून ठेवली नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पुनर्विकसित इमारतींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या देण्यात आल्या. नव्या घराचे क्षेत्रफळ ५०० चौरस फूट आहे, त्यात शौचालय घरातच आहे आणि अभ्यासाला बसले असता आतून लावून घेता येईल असे दार आहे.